ब्राइटनेस फुल्ल म्हणजे एचडीआर नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लग्नाच्या व्हिडिओवाल्यांत एक समज पक्का बसलाय: विंडोजमध्ये एचडीआर (गडद ते उजळ असा मोठा पल्ला दाखवणारी चित्रपद्धत) चालू करायचं, मॉनिटर ‘व्हिव्हिड’ या भडक मोडवर टाकायचा, ब्राइटनेस फुल्ल, की झालं. हे साफ चुकीचं आहे.

एचडीआर-१० या प्रकारच्या फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेल किती निट्सचा (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) दिसावा हे ठरलेलं असतं; पीक्यू नावाच्या पद्धतीची ही मोजपट्टी १०,००० निट्सपर्यंत जाते. ‘व्हिव्हिड’ ते मोजमापच बिघडवतं. शिवाय ४०० निट्सचा पडदा १,००० निट्सचा उजेड दाखवूच शकत नाही. मोजपट्टीचा वरचा, जास्त उजळ भाग दाबून बसवावा लागतो, आणि त्यासाठी संगणकाला पडद्याची खरी मर्यादा कळायला हवी. ती चुकीची कळली, की शहापूर-वडगावच्या साडीचा जरीकाठ पांढराफटक पडतो, वीण दिसतच नाही.

विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टचं एचडीआर कॅलिब्रेशन ॲप फुकट मिळतं. खोलीतला उजेड कमी करा आणि ॲपमधली नक्षी दिसेनाशी होईपर्यंत तिथली पट्टी सरकवा: आधी सर्वांत गडद, मग सर्वांत उजळ, मग पडदाभर उजळ. एवढ्यानं रंग मात्र अचूक होत नाहीत. त्याला पडद्याचे रंग मोजणारा कलरिमीटर लागतो. तो रोज लागत नाही, गल्लीतल्या दोघा-तिघांनी मिळून घेतला तरी चालतो.