पांढरं कोरल, अंधार आणि पॅम नावाचं यंत्र

एप्रिल २०२४ मध्ये नोआने (अमेरिकेची समुद्र-हवामान संस्था) चौथं जागतिक ब्लीचिंग, म्हणजे कोरलचा (प्रवाळांचा) रंग उडणं, जाहीर केलं, तेव्हापासून पांढऱ्याफटक प्रवाळांचे फोटो फिरतायत आणि खाली ठोकून दिलेलं असतं की रीफ (प्रवाळभित्ती) मेलं. अहो, पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे! कोरल हा प्राणी, त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, पाणी तापलं की ते बाहेर पडतं आणि पारदर्शक मांसातून खालचा चुन्याचा सांगाडा दिसायला लागतो. प्राणी जिवंत असतो, फक्त उपाशी, कारण त्याची ९०% पर्यंत ऊर्जा या शैवालाकडून येते. खरंच मेला तर सांगाडा फार दिवस पांढरा राहतच नाही, त्यावर केसाळ हिरवट-तपकिरी शैवाल चढतं.

असले फरक ओळखायला देशोदेशीची मास्टर्स-पीएचडीची मुलं ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफवर येतात. उदाहरणार्थ हेरन आयलंड, ग्लॅडस्टोनपासून साधारण ८० किमी आत समुद्रात, क्वीन्सलंड युनिव्हर्सिटीचं रिसर्च स्टेशन आणि रीफ अगदी दाराशी. बघणाऱ्याला वाटतं फुकटचं डायव्हिंग, पण पाण्यात बहुतेक वेळ टेप अंथरायचा, चौकट ठेवायची, आत ॲक्रोपोरा किती, पोराइट्स किती (दोन्ही कोरलचे प्रकार) ते वॉटरप्रूफ कागदावर पेन्सिलीने लिहायचं, आणि वर येऊन दोघांचे आकडे जुळत नाहीत म्हणून भांडायचं.

माझा जीव मात्र पॅम फ्लुओरोमीटरवर, कोरलमधल्या शैवालाचं प्रकाशसंश्लेषण कितपत नीट चाललंय ते मोजणाऱ्या यंत्रावर. क्लोरोफिलवर पडलेल्या प्रकाशाचं तीनच प्रकारे काही होतं: प्रकाशसंश्लेषण, उष्णता, नाहीतर लालसर प्रकाश होऊन परत बाहेर. कोरल थोडा वेळ अंधारात ठेवायचं, अगदी मंद प्रकाश टाकून तो लाल उजेड मोजायचा, हा एफ-ओ; मग सेकंदाहून कमी वेळ प्रखर झोत मारायचा, म्हणजे फोटोसिस्टिम-२ ची (शैवालातली प्रकाश वापरणारी यंत्रणा) सगळी केंद्रं एकदम भरून बंद होतात आणि लाल उजेड उसळतो, तो एफ-एम. दोन्हीतला फरक भागिले एफ-एम. तब्येत चांगली असेल तर ०.६ ते ०.७ च्या आसपास, उष्णतेने फोटोसिस्टिम-२ मधलं डी-१ प्रोटीन दुरुस्तीपेक्षा जास्त वेगाने तुटायला लागलं की आकडा घसरतो, आणि रंग उडालेला डोळ्याला दिसायच्या आधीच घसरू शकतो! फक्त भर दुपारी उन्हात मोजलं तर निरोगी कोरलचाही आकडा पडलेला दिसतो, ते ब्लीचिंग नव्हे, संध्याकाळपर्यंत सावरतं, म्हणून ही मोजणी सूर्यास्तानंतर.

आणि हो, 'रीफ सेफ' सनस्क्रीन घेतलं की रीफ वाचलं असं समजू नका. त्या लेबलला जगभर मान्य असा एक निकष नाही, आणि एवढ्या मोठ्या ब्लीचिंगचं कारण तापलेलं पाणी आहे.

नमुन्यांचं बरंचसं काम मुलं तिथल्याच लॅबमध्ये उरकतात, कारण तुकडा तोडायलाच परवाना लागतो आणि दगडी प्रवाळ साइट्स (वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा) कराराच्या परिशिष्ट २ मध्ये असल्याने देशाबाहेर न्यायला आणखी वेगळी कागदपत्रं.