गरम हवा जाणार कुठून?

मागच्या मे महिन्यात सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका संस्थेत नव्या इमारतीचा आराखडा दाखवायचा कार्यक्रम होता. चहा, बिस्किटं, पडद्यावर रंगीत चित्रं. चित्रातली इमारत दिसायला छानच होती. पुढे कारंजं, बाजूला दोन नारळ, आणि पश्चिमेची अख्खी भिंत निळ्या काचेची. मे महिना, सांगली आणि पश्चिमेला काच! मागच्या रांगेतल्या एका निवृत्त सरांनी विचारलं, "दुपारी तीनच्या तासाला आतली गरम हवा जाणार कुठून?" उत्तर आलं, "एसी आहे ना सर." सर खाली बसता बसता म्हणाले, "कानविंद्यांचं काम बघा एकदा." त्यावर शेजारचे गृहस्थ माझ्या कानाशी लागले : "कोण कानविंदे? मालवणकडचे का?"

मालवणकडचेच. वास्तुविशारद अच्युत पुरुषोत्तम कानविंदे यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१६ रोजी आचऱ्याचा. दोन वर्षांचे असताना आई गेली. मोठ्या एकत्र कुटुंबात वाढले. वडील मुंबईत चित्रकलेचे शिक्षक होते, त्यामुळे मुलाच्या हातात पेन्सिल लवकर आली. १९३५ मध्ये ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वास्तुकला विभागात दाखल झाले. तिथे प्रमुख होते क्लॉड बॅटली. आपल्याला हे नाव माहीत नसतं, पण त्यांनी आखलेल्या मुंबई सेंट्रल स्टेशनात आपण कधी ना कधी उतरलेले असतो. बॅटली इंग्रज, पण इथली हवा, इथला पाऊस, इथली जुनी घरं नीट बघा असं मुलांना सांगणारे. जुन्या वास्तूंची टेप लावून मापं घ्यायची, कागदावर उतरवायची, असं ते शिक्षण होतं. कानविंदे पुढे कितीही आधुनिक झाले तरी हा पाया राहिला, असं मला वाटतं. तो वर यायला मात्र बरीच वर्षं लागली.

१९४३ मध्ये ते वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेत, म्हणजे सीएसआयआरमध्ये, नोकरीला लागले. युद्ध चालू होतं आणि ते संपल्यावर देशात प्रयोगशाळांची साखळी उभी करायची असं परिषदेचे प्रमुख शांतिस्वरूप भटनागर यांच्या मनात होतं. प्रयोगशाळा कशी बांधतात हे माहीत असलेला माणूस मात्र देशात जवळपास नव्हता. म्हणून सरकारनं १९४५ मध्ये कानविंद्यांना हार्वर्डला शिकायला पाठवलं. तिथे शिकवायला होते वॉल्टर ग्रोपिअस, जर्मनीतल्या बाउहाउस या शाळेचे संस्थापक. बाउहाउस निघालं १९१९ मध्ये. त्याच वर्षी सांगलीत विलिंग्डन कॉलेज सुरू झालं आणि कराडजवळच्या काल्यात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. या तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तरी नव्या जगासाठी नव्या शाळा हव्यात, ही खटपट एकाच वेळी कुठे कुठे चालली होती ते यातून दिसतं.

ग्रोपिअसांची शिकवण थोडक्यात अशी : इमारतीला नक्षी लावून मोठेपण येत नाही. आत काय काम चालणार ते आधी समजून घ्या, साहित्य प्रामाणिकपणे वापरा आणि चार माणसं मिळून काम करा. कानविंदे हे घेऊन १९४७ मध्ये परतले आणि सीएसआयआरचे मुख्य वास्तुविशारद झाले. वय जेमतेम एकतीस.

त्या काळच्या दिल्लीत एक वाद रंगला होता. आता राज्य आपलं, तर सरकारी इमारती दिसायला 'आपल्या' नकोत का? आपल्या म्हणजे घुमट, छत्र्या, कमानी. विज्ञान भवन, अशोका हॉटेल, बंगळूरचं विधान सौध या सगळ्या १९५६ च्या आसपासच्या इमारती बघा. आतून सिमेंट-लोखंडाचा सांगाडा आणि वरून इतिहासाचा फेटा. कानविंद्यांना हा फेटा पटत नव्हता. मार्च १९५९ मध्ये ललित कला अकादमीनं दिल्लीत वास्तुकलेवर मोठा परिसंवाद घेतला, त्याचे निमंत्रक कानविंदे होते आणि उद्घाटन पंडित नेहरूंनी केलं. चंदीगड तेव्हा उभं राहत होतं. ते सुंदर की कुरूप यावर लोक हमरीतुमरीवर येत होते, आणि नेहरूंना नेमकी हीच गोष्ट आवडली होती : शहर माणसाला विचार करायला लावतं.

त्याआधीच अहमदाबादेत कानविंद्यांची अटिरा ही कापड संशोधन संस्थेची इमारत उभी राहिली होती, १९५४ मध्ये. विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई ही संस्थेमागची माणसं. इमारत लांबोळकी, सपाट छपराची, कुठे वेलबुट्टी नाही. आज तिच्यापुढून जाताना वळूनही न बघणारे बरेच असतील, कारण नंतरच्या तीस वर्षांत देशातली अर्धी सरकारी कार्यालयं तिचीच गरीब नक्कल करून बांधली गेली. आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या सरकारी इमारतीही त्याच सावलीतल्या. मूळ चांगलं होतं. नकलेत कामाचा विचार गळाला आणि नुसता खोका उरला. सार्वजनिक बांधकाम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पिवळट चुन्याचं आणि गळक्या छपराचं काहीतरी येतं, त्याचा दोष मी कानविंद्यांना देणार नाही.

१९५५ मध्ये त्यांनी शौकत राय यांच्याबरोबर दिल्लीत स्वतःचं कार्यालय काढलं. 'कानविंदे आणि राय' या पाटीखाली पुढची जवळजवळ पन्नास वर्षं काम चाललं. प्रयोगशाळा, विद्यापीठं, दूधप्रकल्प, विज्ञान केंद्रं. श्रीमंतांचे बंगले त्या मानानं थोडे. बहुतेक पैसा सार्वजनिक, म्हणजे मोजका.

कानपूरचं आयआयटी हे त्यातलं मोठं काम. संस्था १९५९ मध्ये सुरू झाली ती हारकोर्ट बटलर संस्थेच्या उसन्या कँटीनच्या इमारतीत. पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर, मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवलेले. नऊ अमेरिकी विद्यापीठं मदतीला आली आणि कल्याणपूरला हजार एकरांहून जास्त जमीन मिळाली. एवढ्या मोकळ्या जमिनीवर काय करायचं? आपल्याकडे कॉलेज म्हणजे एक भारदस्त दगडी इमारत, पुढे पोर्च, मधोमध प्राचार्यांची खोली. पाहुण्यांनी ती समोरून बघायची. कानविंद्यांनी कानपूरला 'समोर' नावाची बाजूच ठेवली नाही. ग्रंथालय मधे घेतलं, भोवती व्याख्यानगृहं, प्रयोगशाळा, प्राध्यापकांच्या खोल्या, आणि हे सगळं उंचावरून जाणाऱ्या आच्छादित वाटांनी जोडलं. वर माणसं चालतात, खाली सावली पडते. गाड्या बाहेरच राहतात.

याचं मोल कानपूरचा उन्हाळा ज्यांनी सोसलाय त्यांनाच कळेल. लू सुटली की उघड्यावर शंभर पावलं चालणंही शिक्षा असते. त्या वाटांवरून एका शाखेचा मुलगा दुसऱ्या शाखेच्या मुलाला रोज ओलांडून जातो, आणि अर्ध्या ओळखी तिथेच होतात. वाड्याच्या सोप्यावर जसं होतं, तसंच. कोण आलं, कोण गेलं, कुणाला थांबवून काय विचारायचं, हे सगळं सोप्यावर ठरतं, माजघरात नाही. कानविंद्यांनी हार्वर्डहून आणलेल्या व्याकरणात सोपा बसवला, असं मी म्हणतो. त्यांनी स्वतः असे शब्द वापरले नसतील. सांगाडा काँक्रीटचा, भिंती उघड्या विटांच्या, गिलावा नाही. मधल्या ग्रंथालयाला आज केळकरांचं नाव आहे. या कामाच्या अनुभवावर कानविंद्यांनी जेम्स मिलर यांच्याबरोबर १९६९ मध्ये भारतातल्या विद्यापीठ-परिसरांच्या रचनेवर एक इंग्रजी पुस्तकही काढलं.

पण त्यांची कोणती इमारत सांगलीकराला पटकन कळेल असं विचाराल तर मी गुजरातेतल्या मेहसाण्याची दूधसागर डेअरी सांगेन.

१९७० मध्ये वर्गीस कुरियन यांची 'दूधमहापूर' योजना सुरू झाली. गावोगावचं दूध एका ठिकाणी आणून, तापवून, गार करून, भुकटी करून शहरांकडे पाठवायचं. आपल्याकडे दूध संघ घराघरात पोचलेले असल्यामुळे ही साखळी वेगळी समजावून सांगायला नको. तर अशा कारखान्यात अडचण काय असते? आत वाफ आणि यंत्रांची धग. उघड्या मोठ्या खिडक्या ठेवाव्यात तर धूळ, माशा, जंतू. दुधाला ते चालत नाही. खिडक्या बंद ठेवाव्यात तर माणसं शिजतात. एरवी अशा ठिकाणी पत्र्याची शेड टाकतात, पंखे लावतात आणि विषय संपवतात.

कानविंद्यांनी हवेची वाट वर काढली. गरम हवा आपोआप वर जाते, हे शाळेतलं विज्ञान. त्यांनी इमारतीतून उभे पोकळ मनोरे वर नेले, छपराच्या बरेच वर, आणि आतली धग त्यांतून बाहेर सोडली. इतरांनी हे मनोरे मागच्या बाजूला लपवले असते. यांनी त्यांनाच इमारतीचा चेहरा केला. दुरून पाहिलं तर उघड्या काँक्रीटचा एखादा गड वाटतो, बुरूज उभे केल्यासारखा. हे बुरूज म्हणजे धुराडी आहेत हे जवळ गेल्यावर कळतं.

गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. काहिलीतल्या रसाची वाफ कोंडू नये म्हणून गुऱ्हाळघर चारी बाजूंनी मोकळं असतं आणि चुलवाणाचं धुराडं लांब, उंच नेलेलं असतं. कुणा गुळव्यानं वास्तुशास्त्राची पदवी घेतलेली नसते. उलटं उदाहरण हवं असेल तर हरिपूरचं पेव बघा. हळद वर्षानुवर्षं टिकायची तर तिला हवा लागता कामा नये, म्हणून तिथल्या चिवट मातीत खोल खड्डा, त्याला अरुंद तोंड, आणि ते तोंड बंद. पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नाही. आधी कंदील सोडतात, तो विझला नाही तर मग माणूस. २००५ च्या महापुरात कृष्णेनं यातली बरीच पेवं गिळली. एका ठिकाणी हवा बाहेर काढायची, दुसऱ्या ठिकाणी आत येऊ द्यायची नाही. दोन्हीकडे आकार ठरवला तो आत काय ठेवायचंय त्यानं. मेहसाण्याचं नावीन्य याच जातीचं आहे. फरक इतकाच की कानविंद्यांनी ते गणितानं सोडवलं आणि काँक्रीटमध्ये, मोठ्या मापात उभं केलं.

१९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पुढच्या काळातली त्यांची दोन कामं तर आपल्या पायाखालची आहेत. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ मध्ये खुलं झालं. सांगली-साताऱ्याच्या किती शाळांच्या सहली तिथे गेल्या असतील! आम्हीही गेलो होतो. आरशाच्या खोलीत वाकडेतिकडे होऊन हसलो, डबे खाल्ले आणि परतलो. इमारत कुणी बांधली हे गुरुजींनी सांगितलं नाही, बहुधा त्यांनाही ठाऊक नव्हतं. दुसरं काम पुण्यातली राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था. पुण्याचा रिक्षावाला 'एनआयबीएम रोड' म्हणतो ना, त्यातलं एनआयबीएम ते हेच. ज्या संस्थेवरून रस्त्याला आणि पुढे आख्ख्या वस्तीला नाव पडलं, तिचा परिसर आखणारा माणूस मराठी होता हे त्या वस्तीतल्या जाहिरातींत मी अजून वाचलेलं नाही.

दिल्लीतलं इस्कॉनचं मंदिर त्यांच्या शेवटच्या कामांपैकी. १९९८ मध्ये झालं. इथे माझी गाडी अडते. ज्यांनी १९५९ मध्ये जुन्या आकारांची टोपी घालण्याला विरोध केला, त्यांनी चाळीस वर्षांनी शिखरं उभी केली. त्यांचे चाहते म्हणतात की ती शिखरंही सुटसुटीत भूमितीतून आलीत, नक्कल नाही. असेलही. कृष्णाकाठच्या आपल्या गणपती मंदिराच्या काळ्या दगडातली शांतता ज्याच्या डोळ्यांत आहे, त्याला ते मंदिर थोडं मोठ्यानं बोलल्यासारखं वाटतं. बाउहाउसचा शिष्य ऐंशीच्या घरात मंदिर बांधायला बसतो, यातला माणूस मला त्या मंदिरापेक्षा जास्त ओढून घेतो.

आणखी एक अप्रिय गोष्ट. उघडं काँक्रीट आपल्या पावसात सुरेख म्हातारं होत नाही. काळे ओघळ येतात, सळ्या गंजतात, तुकडे सुटतात. त्या पिढीच्या बऱ्याच इमारतींवर आज रंग फासलेला दिसतो, खिडक्यांत एसीचे डबे लटकतात आणि वाऱ्यासाठी ठेवलेल्या जागा प्लायवूडनं बुजवून तिथे जुन्या फायली रचलेल्या असतात. यात थोडा दोष साहित्याचा आहे, बराचसा आपला. हवेची वाट काय असते हे इमारत वापरणाऱ्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. शिपायाला ती मोकळी जागा वाटते आणि कारकुनाला कपाट.

२८ डिसेंबर २००२ रोजी दिल्लीत कानविंदे गेले. त्यांचं कार्यालय आजही चालू आहे.

आमच्या त्या संस्थेचं सांगायचं राहिलं. बैठक संपताना सरांनी आराखड्याची एक प्रत मागून घेतली, खिशातलं लाल पेन काढलं आणि तरुण वास्तुविशारदाच्या हातात दिलं. म्हणाले, "बाळ, पश्चिमेचं ऊन कुठून येतं आणि गरम हवा कुठून जाते, एवढे दोनच बाण काढून दाखव." त्यानं पहिला बाण लगेच काढला. दुसऱ्यासाठी पेन बराच वेळ कागदावर धरून ठेवलं. मग म्हणाला, "सर, घरी नेतो." नवा आराखडा अजून आलेला नाही. पुढची बैठक पावसाळ्यानंतर ठेवलीय, आयर्विन पुलाखालचं पाणी उतरल्यावर.