टीएसएच वाढला म्हणजे नेमकं काय वाढलं?

रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात येतो. टीएसएचपुढे ९.८ हा आकडा, शेजारी ‘जास्त’ अशी खूण. पाहणारा लगेच म्हणतो, ‘थायरॉईड वाढलाय.’ म्हणजे ती ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असणार! मग डॉक्टर थायरॉईडच्याच गोळ्या देतात, तेव्हा तो चक्रावतो. आधीच वाढलेलं आणखी कशाला वाढवायचं?

गोम अशी की टीएसएच, म्हणजे थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक (हॉर्मोन), थायरॉईड ग्रंथीत तयारच होत नाही. ते तयार होतं मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्याशा पियुषिका ग्रंथीत. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी बनवते ते थायरॉक्सिन, म्हणजे टी-४, आणि थोडंसं टी-३. टीएसएच ही तिला पियुषिकेने मारलेली हाक. पहिल्या हाकेला ओ मिळाली तर आवाज चढवावा लागत नाही. टीएसएच वाढलेलं दिसतं तेव्हा बहुतेक वेळा ग्रंथी सुस्तावलेली असते. यालाच हायपोथायरॉयडिझम म्हणतात.

ग्रंथी सुस्तावते तेव्हा शरीरात काय होतं? थकवा येतो, इतरांना गरम होत असताना आपल्याला थंडी वाजते, पोट साफ होत नाही, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, पाळीत रक्तस्राव जास्त होतो, आवाज घोगरा होतो, नावं आठवत नाहीत. अडचण ही की यातलं प्रत्येक लक्षण शंभर दुसऱ्या कारणांनीही होऊ शकतं. त्यातून हे सगळं महिनोन्‌महिने इतक्या सावकाश येतं की रोज पाहणाऱ्या घरच्यांनाही बदल जाणवत नाही. वर्षानुवर्षांनी भेटलेला नातेवाईक मात्र दारातच विचारतो, ‘चेहरा का सुजलाय गं?’

ही सूज जरा वेगळी असते. त्वचेत हायलुरोनिक आम्लासारखे साखळीदार रेणू साठतात आणि ते पाणी धरून ठेवतात. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात सुजलेल्या पायावर बोट दाबलं तर खळगा पडतो, इथे सहसा पडत नाही. या आजारात वाढलेल्या वजनातही चरबीपेक्षा पाणी आणि क्षार यांचाच वाटा मोठा असतो. म्हणून गोळी सुरू झाल्यावर दहा-पंधरा किलो उतरतील अशी आशा धरणाऱ्याच्या पदरी निराशा येते.

जुने डॉक्टर आणखी एक गोष्ट पाहत. रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकवून बसवायचं, पावलं मागे मोकळी सोडायची आणि टाचेवरच्या कंडरेवर छोट्या हातोडीने हलकेच टकटक करायची. पाऊल झटकन उडतं, पण मूळ जागी परतताना रेंगाळतं. स्नायू सैल पडायला त्यातलं कॅल्शियम पुन्हा आतल्या कोठारात ओढून घ्यावं लागतं. ते ओढणारे प्रथिनांचे पंप किती बनायचे हे टी-३ ठरवतं. संप्रेरक कमी, तर पंप कमी आणि सैलावणं मंद. एका संप्रेरकाची कमतरता अशी डोळ्यांदेखत दिसावी याची मला अजूनही गंमत वाटते. अर्थात निदान रक्तावरूनच करायचं.

आता माझ्या आवडीचा भाग. थोडं डोकं लावावं लागेल.

थायरॉईडमधून बाहेर पडणारं संप्रेरक बहुतांशी टी-४ असतं. त्याच्या रेणूवर आयोडीनचे चार अणू असतात. पेशींवर खरा अंमल चालतो तो टी-३चा, म्हणजे एक अणू काढून घेतलेल्या रेणूचा. शरीरातलं सुमारे ८० टक्के टी-३ थायरॉईडच्या बाहेर, यकृतासारख्या अवयवांत बनतं. हे काम करणाऱ्या विकरांमध्ये (एन्झाइम्समध्ये) सेलेनियम असतं. पियुषिकेच्या पेशींकडेही असं विकर आहे. त्या रक्तातलं टी-४ आत घेतात, तिथल्या तिथे त्याचं टी-३ करतात, आणि ते टी-३ टीएसएचच्या जनुकाला लगाम घालतं. टी-४ कमी झालं की लगाम सुटतो.

पण हे नातं सरळ प्रमाणातलं नाही. टी-४ निम्मं झालं म्हणून टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, ते कैक पटींनी उसळतं. साधारणपणे टी-४ जेवढं खाली जातं, तेवढा टीएसएचचा लॉगॅरिदम वर चढतो, म्हणजे टी-४च्या प्रत्येक पायरीला टीएसएचमध्ये बेरीज नाही, गुणाकार होतो. म्हणून टी-४ किंचित घसरलं तरी टीएसएच ठळकपणे वाढतं. भर अशी की प्रत्येकाची स्वतःची टी-४ची पातळी प्रयोगशाळेच्या ‘नॉर्मल’ पट्ट्यापेक्षा बऱ्याच अरुंद मर्यादेत फिरते. तुमचं टी-४ तुमच्यापुरतं घसरलेलं असूनही रिपोर्टच्या पट्ट्यात आरामात बसू शकतं. प्रयोगशाळेला ते कळत नाही, तुमच्या पियुषिकेला कळतं. टी-४ नॉर्मल आणि टीएसएच वाढलेलं, या अवस्थेला सबक्लिनिकल म्हणतात. वयस्कर माणसांत टीएसएच थोडं वाढलेलं असणं हे बरेचदा वयाचंच लक्षण असतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ६५ वर्षांवरच्या अशा लोकांना गोळी देऊन लक्षणांत फरक पडला नाही. याउलट पियुषिकाच बिघडली असेल तर टी-४ कमी असूनही टीएसएच वाढत नाही. अशा वेळी एकटा टीएसएच फसवतो.

ग्रंथी सुस्तावते का? आहारात आयोडीन पुरेसं असेल तिथे मुख्य कारण म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर उलटणं. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये अशा ग्रंथींचं वर्णन केलं, त्यांचंच नाव या आजाराला मिळालं. स्त्रियांमध्ये तो पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो.

उपचाराची गोष्ट त्याहून जुनी आहे. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी ४६ वर्षांच्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉईडच्या अर्काची इंजेक्शनं दिली. त्या बऱ्या झाल्या आणि पुढे अर्क घेत आणखी २८ वर्षं जगल्या. तेवढ्या वर्षांत ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. आजची लेव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे कारखान्यात बनवलेलं तेच टी-४.

या टी-४चं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे सात दिवस असतं. रोज तीच मात्रा घेत गेलं, तर पहिल्या आठवड्याअखेर रक्तातली वाढ अंतिम पातळीच्या ५० टक्क्यांवर जाते, दुसऱ्याअखेर ७५, मग ८७, ९४, ९७. पियुषिका स्थिरावायला त्यावर आणखी थोडे दिवस. म्हणूनच मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करतात, दहाव्या दिवशी केलेली तपासणी निव्वळ वाया. याच हिशोबाने एखाद्या दिवशी गोळी विसरली तरी आभाळ कोसळत नाही. आणि महिनाभर गोळ्या चुकवून तपासणीच्या आदल्या दिवशी भरपूर घेतल्या, तर टी-४ छान दिसतं पण टीएसएच चढलेलंच राहतं. जाणकार डॉक्टर ओळखतात.

गोळी रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवायच्या, नाहीतर त्या आतड्यातच तिला अडकवून ठेवतात. गरोदरपणात गरज साधारण २५ ते ५० टक्क्यांनी वाढते, तीही अगदी सुरुवातीपासून, म्हणून दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना सांगावं. उत्साहाच्या भरात मात्रा वाढवू मात्र नये. जास्त झालेलं थायरॉक्सिन हृदयाची लय बिघडवतं आणि हाडं ठिसूळ करतं.

‘थायरॉईड मुळापासून बरा’ असं सांगत काढे, मंतरलेल्या माळा आणि समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल विकणारे पुष्कळ आहेत. माळेने निदान नुकसान तरी होत नाही. शेवाळाचं तसं नाही, त्यात आयोडीन बेसुमार असू शकतं. जास्त आयोडीन मिळालं की ग्रंथी संप्रेरक बनवणं काही काळ थांबवते, हे वुल्फ आणि चैकॉफ यांनी १९४८ मध्येच उंदरांवर दाखवलं होतं. निरोगी ग्रंथी त्यातून काही दिवसांत सावरते, पण हाशिमोटोने पोखरलेली ग्रंथी बरेचदा सावरत नाही आणि आणखी मंदावते.

केसांसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेची तऱ्हा आणखीच निराळी. ते ग्रंथीला काहीच करत नाही, गोंधळ घालतं ते तपासणीत. अनेक यंत्रांची रसायनं बायोटिनच्याच चिकटपणावर चालतात. रक्तात ते जास्त असेल तर टीएसएच खोटंच कमी आणि टी-४ खोटंच जास्त दिसतं. थायरॉईड मंदावल्यामुळे केस गळताहेत, केसांसाठी बायोटिन चालू आहे आणि बायोटिनमुळे रिपोर्टात थायरॉईड जोरात धावतोय, असा घोळ होऊ शकतो. रक्त देण्याआधी दोन दिवस तरी ते बंद ठेवावं.