कमरेवर हात ठेवून संप्रेरकं बदलत नाहीत

प्रेझेंटेशनआधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून, छाती काढून उभं राहा, टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं, असं ट्रेनिंगमध्ये अजूनही बिनधास्त सांगतात. मूळ अभ्यास २०१० चा, अवघ्या ४२ जणांवरचा. २०१५ मध्ये २०० जणांवर तो पुन्हा करून पाहिला, तर संप्रेरकांत फरक नाही. नुसतं जोमदार वाटलं, एवढंच. २०१६ मध्ये मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिका डॅना कार्नी यांनीच हात झटकले.

त्यापेक्षा श्वासाकडे बघा. ताणात श्वास वरच्या वर चालतो, खांदे चढतात, आवाज चिरकतो, वाक्याचं शेपूट गिळलं जातं. टीमला वाटतं, साहेब चिडलेत. दाढा आवळल्या असतील तर सैल सोडा. चार आकडे श्वास घ्या, सहा आकडे सोडा, पाच-सहा वेळा. फार मोठा श्वास भरून लगेच बोललात, तर पहिलंच वाक्य धापेत जातं.