अमेरिकन साइन म्युझियम

अमेरिकेतील ओहायो राज्यात, सिनसिनाटी शहराच्या कॅम्प वॉशिंग्टन भागात असलेले जुन्या जाहिरात-पाट्यांचे व दुकानांच्या फलकांचे संग्रहालय. सिनसिनाटीतच १९०६ मध्ये सुरू झालेल्या ‘साइन्स ऑफ द टाइम्स’ या फलक-व्यवसायाच्या मासिकाचे माजी संपादक टॉड स्वॉर्मस्टेड यांनी ते १९९९ मध्ये स्थापन केले. २००५ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले आणि २०१२ मध्ये सध्याच्या जागी, एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत आले. मोटेलांचे आणि पेट्रोल पंपांचे अवाढव्य फलक ठेवायला उंच छत हवेच होते.

संस्थापक या धंद्यातलाच असल्याने इथे कंपन्यांपेक्षा कारागिरीला मान आहे. विजेआधीच्या काळातल्या काचेवरच्या पाट्या बघताना घाई करू नये. रंगारी काचेच्या मागच्या बाजूने, जिलेटिनच्या पाण्यावर सोन्याचा वर्ख चिकटवून, त्यावर उलटी अक्षरे रंगवत असे. अक्षराबाहेरचा जास्तीचा वर्ख नंतर पुसून काढला जाई. त्यापुढे बल्बांचे फलक लागतात आणि मग निऑन.

फ्रेंच अभियंता जॉर्ज क्लोद यांनी १९१० मध्ये पॅरिसला निऑनचे दिवे दाखवले. अमेरिकेने ते रस्तोरस्ती नेले. नुसता निऑन वायू लालसर केशरी उजळतो. निळ्यासाठी आर्गॉन आणि पाऱ्याचा अंश लागतो, इतर अनेक छटा नळीच्या आतल्या लेपातून येतात. दुसऱ्या महायुद्धानंतर आतून ट्यूबलाइट लावलेले प्लास्टिकचे फलक स्वस्त पडू लागले आणि निऑनची सद्दी संपली. १९६५ च्या महामार्ग सुशोभीकरण कायद्याने रस्त्याकडेच्या जाहिरातींवरही बंधने आणली. प्लास्टिकलाही इथे जागा दिली आहे, हे बरे केले; नाहीतर असा संग्रह नुसता गोड आठवणींचा होऊन बसतो. रोनाल्ड मॅकडोनाल्ड या विदूषकाच्या आधीचा, ‘स्पीडी’ हा धावता स्वयंपाकी असलेला मॅकडोनाल्ड्सचा फलक इथल्या गाजलेल्या वस्तूंपैकी एक. जुन्या दुकानांच्या दर्शनी बाजू उभारून केलेल्या ‘मेन स्ट्रीट’वर फोटोंसाठी सर्वाधिक गर्दी होते.

इमारतीतच निऑनचा चालू कारखाना आहे. कारागीर काचेची नळी ज्योतीवर मऊ करून कागदावरच्या आराखड्याबरहुकूम वाकवतो आणि वळणावर ती चपटू नये म्हणून तोंडातल्या रबरी नळीने आत फुंकर घालत राहतो. हे काम बघायचे तर शनिवार-रविवार सोडून जावे.