पार्श्वभूमी : पहिल्या चार्ल्सची अभ्रकातली चित्रं

इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स (कारकीर्द 1625 ते 1649) याच्या लघुचित्रांत दोन जाती आहेत. हयातीतली दरबारी चित्रं कमावलेल्या तलम कातड्यावर जलरंगात काढलेली, पाठीला बहुतेकदा खेळायचा पत्ता चिकटवलेला. दुसरी जात सतराव्या शतकाच्या मध्यावरची: तांब्याच्या पत्र्यावर तैलरंगात चेहरा आणि सोबत अभ्रकाच्या पारदर्शक चकत्या. चकतीवर चेहऱ्याची जागा मोकळी, बाकी पोशाख आणि प्रसंग रंगवलेला. एक ठेवली की राजा, दुसरी ठेवली की कैदी, शेवटी वधस्तंभ. चेहरा मात्र तोच, शांत.

ही शांती राजनिष्ठांनी निवडलेली आहे. याच राजाने 1629 पासून अकरा वर्षं संसद बोलावली नाही. युद्धप्रसंगी किनाऱ्यावर बसणारी जहाजपट्टी 1635 मध्ये शांततेच्या काळात आतल्या परगण्यांवरही लादली. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा बारापैकी सातच न्यायाधीश राजाच्या बाजूचे निघाले. 1642 मध्ये यादवी पेटली त्यामागे असा साचलेला राग होता, आणि धर्माचा वादही.

तरीही यादवीत हरल्यावर राजावर चाललेल्या खटल्याबद्दल मला राजाचंच म्हणणं पटतं. डिसेंबर 1648 मध्ये संसदेच्या सैन्याने राजाशी तडजोडीला तयार असलेल्या सभासदांना संसदेच्या दारातच अडवलं. उरलेल्यांनी राजावर खटला चालवायला खास न्यायालय नेमायचं ठरवलं. सरदारांच्या वरिष्ठ सभागृहाने नकार दिला, तेव्हा कनिष्ठ सभागृहाने एकट्यानेच कायदा केल्याचं जाहीर केलं. राजाची संमती नाही, सरदारांची नाही, मग कायदा कुठला? न्यायासनासाठी 135 जण नेमले होते. कित्येक फिरकलेच नाहीत आणि मृत्युदंडाच्या हुकुमावर सह्या झाल्या 59. राजाने तर बाजू मांडायलाच नकार दिला. कोणत्या अधिकाराने मला इथे उभं केलंत, एवढंच तो विचारत राहिला. त्याला धड उत्तर मिळालं नाही. जुलमी कारभाराचा जाब विचारायलाच हवा होता. पण ज्यांनी विचारला त्यांनी स्वतःची संसद आधी मोडली होती.

30 जानेवारी 1649 ला शिरच्छेद झाला. कडाक्याच्या थंडीत आपण थरथरलो तर लोकांना आपण घाबरलो असं वाटेल, म्हणून त्याने दोन सदरे घातले होते. त्यानंतर राजनिष्ठांच्या अंगठ्यांत, लॉकेटांत हा चेहरा शिरला. 1660 मध्ये मुलगा गादीवर आला (मुंबई आंदणात मिळालेला दुसरा चार्ल्स तो हाच) आणि लपवून बाळगलेली चित्रं उघड मिरवता येऊ लागली. बापाचा हुतात्मा दिन अधिकृत प्रार्थनापुस्तकात आला. तो 1859 मध्ये वगळला गेला.