स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपल्यावर जवळच्या आरोग्य केंद्रात फॉलो-अप कसा सुरू करायचा?

मोठ्या हॉस्पिटलमधली केमो संपते, रेडिएशन संपतं आणि बाई गावी परतते. पुढे तिने कुणाकडे जायचं, हे मात्र बहुतेक वेळा कुणी नीट सांगत नाही. हार्मोनच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या पाच वर्षं, कधी दहा वर्षंही चालतात. हात सुजतो, हाडं दुखतात, झोप उडते. या प्रत्येक गोष्टीसाठी मुंबई किंवा पुणे गाठायची गरज नाही. बरंचसं काम प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकतं, आणि त्याची सुरुवात आपणच करून द्यावी लागते.

कोण जाऊ शकतं?

कुणीही. उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाचा रंगही आडवा येत नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या केंद्रांत आणि रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. उपचार खाजगी हॉस्पिटलात झाले असले तरी चालतं. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपकेंद्र (आता त्यांच्यावर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी दिसते), शहरात महापालिकेचा दवाखाना किंवा ‘आपला दवाखाना’, यांपैकी घराजवळ जे असेल ते निवडा. मात्र ठिकाण एकच ठेवा. दर वेळी नवा डॉक्टर आणि नवी कहाणी असं झालं, तर फॉलो-अपला अर्थ राहत नाही.

कागदपत्रं

यासाठी वेगळा अर्ज शोधत बसू नका. साध्या केसपेपरवर काम सुरू होतं. खरी गरज असते ती फाईलची, आणि घोडं अडतं तेही तिथेच. माझ्या मावशीकडे बिलं सगळी होती, बायोप्सीचा रिपोर्ट मात्र नव्हता. त्या एका कागदासाठी तिला एसटीने दोनदा मुंबईला जावं लागलं, तेही सुजलेला हात घेऊन. म्हणून हॉस्पिटल सोडण्याआधीच हे मागून घ्या:

– डिस्चार्ज समरी. कोणत्या बाजूचं ऑपरेशन, फक्त गाठ काढली की पूर्ण स्तन, काखेतल्या गाठी काढल्या का, हे त्यात असायला हवं.
– बायोप्सीचा रिपोर्ट, ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्यांसह (गाठ हार्मोनवर वाढते का आणि तिच्यात हर-टू हे प्रथिन जास्त आहे का, हे त्या सांगतात). गोळ्या कोणत्या आणि का, हे यावरून ठरतं.
– केमोची औषधं आणि किती सायकल झाल्या, रेडिएशन किती दिवस झालं. काही औषधांचा हृदयावर परिणाम होतो, म्हणून टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला असेल तर तोही रिपोर्ट.
– शेवटची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे.
– आणि सगळ्यात महत्त्वाचं: आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे एक पानाचं पत्र. चालू गोळ्या, त्या कधीपर्यंत घ्यायच्या, पुढची तपासणी कधी आणि कोणती लक्षणं दिसली तर परत पाठवायचं, एवढं त्यात पुरे. डॉक्टर घाईत असतात, तरी हे पत्र आग्रहाने मागा.

ओळखीसाठी आधारकार्ड न्या. सोबत दोन झेरॉक्स संच ठेवा. केंद्रात झेरॉक्स द्या, मूळ कागद घरीच राहू द्या.

केंद्रात गेल्यावर

सकाळच्या ओपीडीत केसपेपर काढा आणि डॉक्टरांना पत्र दाखवा. असंसर्गजन्य आजारांच्या, म्हणजे बीपी-शुगरच्या नोंदींमध्ये तुमचं नाव घ्यायला सांगा. तिथेच 14 अंकी आभा क्रमांक, म्हणजे आरोग्याच्या नोंदी जोडणारा ओळख क्रमांक, काढून घेता येतो. गावच्या आशाताईंना आणि उपकेंद्रातल्या सीएचओंनाही (समुदाय आरोग्य अधिकारी) कळवा, कारण तारीख चुकली तर दारात येऊन आठवण करून देणाऱ्या त्याच असतात.

तपासणीची वारंवारता साधारण अशी असते: पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, चौथ्या-पाचव्या वर्षी सहा ते बारा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. मॅमोग्राफी वर्षातून एकदा, आणि त्यासाठी चिठ्ठी घेऊन मोठ्या रुग्णालयात जावं लागतं. काहीच त्रास नसताना दर वर्षी सगळ्या अंगाचा स्कॅन करायची गरज नसते. त्या भीतीपोटी कर्ज काढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर केंद्रात आधीच सांगा, म्हणजे रक्त, सलाईन आणि बीपी शक्यतो दुसऱ्या हातावर घेतील. हात जड वाटू लागला, अंगठी किंवा बांगडी घट्ट झाली, तर लगेच दाखवा. सूज सुरुवातीला असेल तर व्यायाम आणि हाताला घट्ट बांधायच्या पट्टीने आवरते. हात लाल, गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी जा. टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची गोळी चालू असताना पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला किंवा एकच पाय सुजला, तर थांबू नका. लेट्रोझोलसारख्या हार्मोनच्या गोळ्यांवर असाल तर हाडांची तपासणी आणि कॅल्शियमबद्दल विचारा. गोळ्या केंद्रात नसल्या तर जनऔषधी दुकानात स्वस्त मिळतात. मनाने त्या स्वतः मात्र बंद करू नका.

मन खचलं असेल तर 14416 या टेलि-मानस, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या मदत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. फोन मोफत आहे.

पैशांची आणि प्रवासाची सोय

पुन्हा ऑपरेशन किंवा केमोची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेसाठी मदत करणारा कर्मचारी) भेटा, किंवा आधी 155388 वर विचारा.

आजारामुळे कामच होत नसेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोगाचा समावेश आहे. वय 65 पेक्षा कमी, महाराष्ट्रात 15 वर्षांचं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांपर्यंत, अशी अट आहे. उत्पन्नाची ही मर्यादा फारच तुटपुंजी आहे आणि ती वाढायलाच हवी. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात करायचा. सोबत वयाचा आणि रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आजाराचं सरकारी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं.

रेल्वेची सवलत फक्त उपचारासाठी नाही, ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीसाठीही मिळते, हे अनेकींना ठाऊक नसतं. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका व्यक्तीला 75 टक्के सवलत मिळते. हॉस्पिटलकडून रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातला सही-शिक्क्याचा दाखला घ्या आणि तो तिकीट खिडकीवर द्या. निघताना पुढच्या तारखेचा दाखलाही मागून ठेवा.